सात नंबरच्या लाइटमधली सावली

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको — माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. वरणगावला लहानाची मोठी झाले. आळीत कुणाच्या अंगात आलं की बाबा आम्हा भावंडांना मुद्दाम बघायला न्यायचे आणि परतताना विचारायचे, "डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगा. मनात काय आलं ते वेगळं सांगा." पुढे मी इलेक्ट्रिकल शिकले आणि आता जळगावला एका पॉलिटेक्निकमध्ये तेच शिकवते. भूत म्हटलं की मी आधी अर्थिंग तपासते. या कट्ट्यावरसुद्धा गेली काही वर्षं इतरांच्या अनुभवांखाली "वायरिंग चेक करा" असंच लिहीत आलेय. ज्यांना ज्यांना लिहिलं त्यांनी आज उट्टं काढलं तरी माझी तक्रार नाही.

तर बाबांच्या पद्धतीनेच सांगते. डोळ्यांनी पाहिलं ते आधी.

कॉलेजव्यतिरिक्त माझा दुसरा उद्योग म्हणजे हौशी नाटकांची प्रकाशयोजना. आमच्याकडे हौशी मंडळींच्या हातात थिएटर येतं ते प्रयोगाच्याच दिवशी सकाळी. तेवढ्यात नेपथ्य लावा, लाइट टांगा, फोकस करा, की संध्याकाळी पडदा. या घाईला वैतागून मी गेम इंजिन शिकले. म्हणजे पोरं ढिशुम-ढिशुम खेळतात ते गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतात, तेच. त्यात मी अख्खं थिएटर मापाबरहुकूम उभं करते, खरे लाइट जिथे असतील तिथे खोटे लाइट टांगते, नटांच्या जागी डमी ठेवते आणि घरी खुर्चीत बसून बघते की कुठल्या प्रवेशात कुणाच्या तोंडावर किती उजेड पडतोय. मग प्रयोगाच्या दिवशी नुसते आकडे बघून लाइट वळवायचे. दोन तासांचं काम चाळीस मिनिटांत होतं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

पण लाइटचं काम मला शिकवलं ते नानांनी. नाना धुळ्याचे, बोलणं अहिराणी. दिवसा मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि उरलेल्या वेळात नाटक. फोकस करताना नटाच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर झोत तोंडावर पडतोय की छातीवर ते कळत नाही. हे उभं राहण्याचं काम नाना दुसऱ्या कुणालाच करू देत नसत. स्वतः जायचे, उजवा हात कपाळावर आडवा धरायचे, सरळ लाइटमध्ये बघायचे, आणि झोताचा सगळ्यात तापलेला भाग डोळ्यांवर आला की ओरडायचे, "लागना!" — म्हणजे लागला. मग पुढची जागा. असं अख्खं नाटक ते एकट्याने चालायचे. जिथे नटी बसते तिथे बसायचे, जिथे मरते तिथे आडवे व्हायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे.

मी पहिल्यांदा लॅपटॉपवर त्यांना मॉडेल दाखवलं तेव्हा चष्मा वर करून खूप वेळ बघत बसले. म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे बेटा. पन यामा मानूस कोठे शे?"

यात माणूस कुठे आहे म्हणे; मी डमीकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

आता जे सांगायला जड जातंय ते. दोन वर्षांपूर्वी जळगावात एक प्रयोग होता. उशीर झाला होता, माझं डोकं फिरलेलं, आणि नाना नेहमीप्रमाणे स्टेजवर एकेका जागेवर उभे राहात होते. गुडघे दुखायचे त्यांचे, त्यामुळे अजूनच वेळ लागत होता. मी सगळ्यांसमोर माइकवरून म्हटलं, "नाना, तुम्ही खाली उतरा बरं. तुम्ही उभे राहिलात की आमचा अर्धा तास जातो. हे सगळं मॉडेलमध्ये झालंय." ते "बरं बेटा" म्हणाले आणि उतरले. प्रयोग संपेपर्यंत तिसऱ्या रांगेत बसून होते. त्यानंतरच्या कुठल्याच प्रयोगाला मी त्यांना बोलावलं नाही. भांडण नव्हतं... गरज नव्हती, इतकंच. गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मी तिसऱ्या दिवशी धुळ्याला पोचले. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "फोन वाजना का माले इचारेत — वैशालीना शे का?" फोन वाजला की माझाच आहे का, असं नाना विचारायचे म्हणे; मला तिथे रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

या उन्हाळ्यात धुळ्याला आमच्या ग्रुपचा प्रयोग ठरला. दिग्दर्शक प्रशांत. नाटकाच्या शेवटी एका बाईचं सात मिनिटांचं भाषण आहे — ती एकटी उभी, आणि तिच्या उजव्या हाताला नवऱ्याची रिकामी खुर्ची. भूमिका मंदाताईंची. मंदाताई चोपड्याच्या, निवृत्त शिक्षिका, आणि आमच्या भागातल्या एक नंबरच्या नटी. पण मधे त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलणं पूर्ण परत आलं, पण डावा पाय जरा ओढतो आणि तोंडाची डावी बाजू खाली उतरलीये. त्या नाहीच म्हणत होत्या. "लोक माझं वाक्य ऐकतील की माझं तोंड बघतील गं?" असं मला विचारलं त्यांनी.

मी लॅपटॉप घेऊन चोपड्याला गेले. त्यांच्या उंचीची डमी केली होती. सात नंबरचा लाइट त्यांच्या उजव्या बाजूने, अगदी अरुंद झोत, उजवा गाल उजळलेला आणि डावी बाजू पूर्ण अंधारात. खुर्चीवर वेगळा झोत, तो डावीकडून येणारा, पण त्यांच्यापर्यंत न पोचणारा. मंदाताईंनी ते चित्र खूप वेळ पाहिलं. "हे असंच दिसेल? नक्की?"

"इंचाचाही फरक पडणार नाही ताई. शब्द देते."

"मग उभी राहते," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. त्या शब्दावर त्या आल्या, हे लक्षात ठेवा.

प्रयोगाच्या आठ दिवस आधीची गोष्ट. रविवार, सकाळचे साडेदहा. बाहेर जळगावचं ऊन, आत कूलर. शेवटचा प्रवेश लावला, सात नंबर चालू केला, आणि स्टेजवर दोन सावल्या पडल्या. एक डमीची. दुसरी तिच्या बाजूला, खुर्चीच्या दिशेने, अडीच-एक फुटांवर. तिथे वस्तू काहीच नव्हती. सावलीला पाय होते, ते जमिनीवर जिथे टेकायला हवेत तिथे टेकलेले, आणि त्यांच्यावर कुणीच नाही.

घाबरले वगैरे नाही. चिडले. बग असणार, म्हणजे सॉफ्टवेअरमधला घोळ. एखादी वस्तू अदृश्य केली तरी तिची सावली चालू राहू शकते, तसा एक टिकमार्क असतो. शोधलं. नव्हतं काही. सगळा हिशेब नव्याने करायला लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला, सात नंबर उडवून नवा लाइट टांगला. सावली तिथेच. डमी उडवली, तर डमीची सावली गेली आणि दुसरी राहिली. बाकी कुठल्याच लाइटमध्ये ती पडत नव्हती. दुपारपर्यंत मी अक्षरशः हात टेकले आणि फाइल अनिकेतला पाठवली. अनिकेत माझा मावसभाऊ, पुण्यात गेम बनवतो.

चार वाजता त्याचा फोन. "वैशूताई, तू तर भारी शिकलीस की! कुठून घेतलंस हे कॅरेक्टर?"

"कुठलं कॅरेक्टर? मला ती सावली घालवायचीये."

"का घालवतेस? मस्त अॅनिमेट केलीये. श्वास घेतोय बघ तो. आणि हात असा कपाळावर... म्हातारा आहे का गं? एक खांदा उतरलाय."

मी काही अॅनिमेट केलं नव्हतं. मी फोन कानाला तसाच ठेवून स्क्रीनवर झूम केलं. सकाळपासून मी सावलीच्या पायांकडेच बघत होते, बाकीच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. उजवा हात आडवा कपाळावर. डावा खांदा खाली — आयुष्यभर शिडी वाहून उतरलेला. आणि छाती हळूहळू वर-खाली होत होती.

मला माहीत होतं ते कोण आहे. डोळ्यांनी पाहिलं ते सांगा, मनात आलं ते वेगळं सांगा... बाबा, त्या दिवशी ते वेगळं करता आलं नाही मला.

अनिकेत विचारत होता, "ताई, आहेस ना?" मी म्हटलं, काहीतरी जुनं राहून गेलं असेल फाइलमध्ये, बघते. फोन ठेवला. मग मी इंजिनिअर असल्यासारखं वागले, म्हणजे मूर्खासारखं. सावलीच्या पायापासून डमीच्या पायापर्यंतचं अंतर मोजलं. दोन फूट सात इंच. वहीत लिहूनही ठेवलं. आणि मग सात नंबरच्या सेटिंगमध्ये जाऊन "सावली पाडा" या टिकमार्कवरची खूण काढून टाकली. स्टेज स्वच्छ झालं. डमीची सावलीही गेली, पण बाकी चित्र हुबेहूब मंदाताईंना दाखवलं होतं तसं. मी स्वतःला म्हटलं, झालं, सुटला प्रश्न. त्या आठवड्यात मी ती फाइल परत परत उघडली, पण ती खूण परत केली नाही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सातला जळगावहून निघालो, एरंडोलला चहा झाला, नऊला धुळ्यात. थिएटरचं नाव सांगत नाही, त्यांची यात काही चूक नाही. स्टेजवर काळं मॅटिंग अंथरलेलं. लाइट टांगले, आकडे बघून वळवले, टेपने मंदाताईंच्या जागेवर पांढरी खूण केली. मॉडेल आणि स्टेज तंतोतंत जुळलं. प्रशांत म्हणाला, "मंदाताईंना एकदा उभं करून बघायचं का?" मंदाताई विंगेत खुर्चीवर पाय दाबत बसल्या होत्या, उन्हातून प्रवास करून पांढऱ्या पडलेल्या. मी म्हटलं, "कशाला त्यांना दमवतोस? झालंय सगळं." त्यांनी हात जोडून "बरं झालं बाई" असं केलं.

संध्याकाळी प्रयोग सुरू झाला. सभागृह भरलेलं. मी मागे लाइटच्या बोर्डवर. शेवटच्या प्रवेशात मंदाताई आल्या, पांढऱ्या खुणेवर थांबल्या, सात नंबर पेटला, आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला इतकं ते सुंदर होतं. अर्धा चेहरा, एक डोळा, आणि तो आवाज. दोन-तीन वाक्यं झाली. मग त्या हलल्या. त्यांचा पाय एकदम लचकल्यासारखा झाला, शरीर खुर्चीच्या बाजूला झुकलं, मला वाटलं पडतात आता... पण सावरल्या. दीड-दोन पावलं सरकून उभ्या राहिल्या. सात नंबरच्या बाहेर. आणि खुर्चीवरच्या झोताची कड बरोबर त्यांच्या डाव्या गालावर.

उतरलेला ओठ, अर्धवट मिटलेला डोळा, सगळं. भरलेल्या सभागृहापुढे, भगभगीत.

त्यांना कळलं. इतकी वर्षं स्टेजवर काढलेल्या बाईला उजेड कुठल्या गालाला लागतोय ते न बघता कळतं. त्या थांबल्या. माझी बोटं बोर्डवर होती, पण करण्यासारखं काही नव्हतं. तो झोत उतरवला असता तर त्या काळोखात गेल्या असत्या आणि न उतरवावा तर हे असं. मी काहीच केलं नाही. मंदाताईंनी एक श्वास घेतला, पूर्ण तोंड लोकांकडे वळवलं, आणि उरलेलं भाषण तसंच केलं. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. पण त्या नमस्काराला बाहेर आल्या नाहीत.

मेकअप रूममध्ये मी गेले तेव्हा त्या पदराने चेहरा पुसत होत्या. आरशातूनच माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू शब्द दिला होतास." एवढंच. त्यांचा भाचा त्यांना गाडीतून चोपड्याला घेऊन गेला.

रात्री झोप कसली लागतेय! सकाळ होताच लॅपटॉप उघडला आणि सात नंबरला सावलीची खूण परत केली. डमीची सावली पडली. दुसरी नाही. सगळे प्रवेश बघितले, सगळे लाइट बघितले. अनिकेतला फोन केला, म्हटलं मी पाठवलेली जुनी फाइल उघड. त्याने उघडली. "ताई, काढलास का तू त्याला? इथे नाहीये कुणी." त्याच्याकडच्या फाइलला मी हात कसा लावणार? 

पंधरा दिवसांनी हिंमत करून चोपड्याला गेले. मंदाताईंनी बसायला सांगितलं, सरबत दिलं. त्या तशा मोठ्या मनाच्या. मी माफी मागितली, मग विचारलंच, "ताई, तुम्ही सरकलात का?"

"सरकले कुठे, सरकवलं मला. त्या खुणेखाली फळी दबते गं. मॅटिंग असल्यामुळे दिसत नाही, पण जोर टाकला की आत जाते. आधीच माझा तो पाय असा. जाणारच होते खाली... तर कुणीतरी कोपराला धरलं आणि बाजूला घेतलं. घट्ट धरलं होतं, बोटं जाणवली मला. प्रशांत असेल म्हटलं, अंधारातून आला असेल. जिथे नेलं तिथे पायाखाली घट्ट होतं, म्हणून तिथेच उभी राहिले."

प्रशांत तेव्हा प्रेक्षकांत बसला होता, माझ्यापासून चार खुर्च्यांवर. विंगेत त्या बाजूला कुणी नव्हतं. मी एकेकाला विचारून घेतलंय. मंदाताईंना मी नानांचं काही सांगितलं नाही. "परत करू आपण ताई हे नाटक," म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती कशी हलवली ते मला नीट कळलं नाही. अजून त्यांनी होकार दिलेला नाही.

तिथून थेट धुळ्याला गेले. दुपारचं थिएटर रिकामं होतं. वॉचमनकाकांनी ओळखलं आणि आत सोडलं. मॅटिंग काढलेलं होतं. मी मोजायचा टेप लावून मंदाताईंची जागा काढली आणि तिथे उभी राहिले. टाचेखाली फळी बोटभर आत गेली. आणि माझा पाय... मी ठरवलं नव्हतं, माझा पाय आपोआप सरकून घट्ट फळीवर गेला. मी टेप धरला. दोन फूट सात इंच.

वॉचमनकाका म्हणाले, "काय मोजी ऱ्हायनात ताई? ती फळी पहिलेपासूनच दबेल शे. जो उभा ऱ्हास तो सरकस."

जो उभा राहतो तो सरकतो. ज्या माणसाने त्या स्टेजवर आयुष्यभर प्रत्येक नटाच्या आधी उभं राहून पाहिलं होतं त्याला ही फळी माहीत असणारच होती. मला नव्हती, कारण मी तिथे एकदाही उभी राहिले नव्हते. आणि तो सांगायला आला, तर मी त्याला स्टेजवरून उतरवलं. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा निदान माइकवरून सांगितलं होतं, दुसऱ्यांदा नुसती एक खूण काढली.

काका चहा आणायला गेले. मी त्या फळीशेजारी उभं राहून मोठ्याने म्हटलं, "नाना, चुकलं माझं." खुर्च्यांमधून आवाज जरासा घुमून परत आला. बाकी काही नाही. मग मी तिथेच खाली बसून रडले, तिसऱ्या दिवशी रडायचं राहिलं होतं ते.

आता तुम्ही लिहाल — योगायोग, थकलेलं डोकं, अपराधी मन. लिहा. मी तुमच्या जागी असते तर तेच लिहिलं असतं. कोपराचं सोडून देऊ, घाबरलेल्या बाईला भास होऊ शकतो. पण अनिकेत नानांना आयुष्यात भेटलेला नव्हता, तरी त्याने उतरलेला खांदा पाहिला. आणि ज्या मॉडेलमध्ये जमीन मी सपाट एका तुकड्यात काढली होती, त्यात दबलेली फळी कुणाला कळली, ते सांगा. माझ्या सगळ्या शिक्षणात ते कुठेच बसत नाही. बाबा असते तर त्यांनाही विचारलं असतं.

हल्ली मी प्रत्येक स्टेजवर स्वतः उभी राहते. अर्धा तास जातो, जाऊ दे. ती धुळ्याची फाइलही अजून ठेवलीये. कॉलेजला निघण्याआधी रोज उघडते, शेवटचा प्रवेश लावते, सात नंबर चालू करते आणि सावलीची खूण आहे ना ते दोनदा बघते. डमीची सावली पडते. तिच्या बाजूची जागा रिकामी असते.

बग असता तर आतापर्यंत परत आला असता.